बारीक जाळीची चाळण

मी चाळण. पीठ चाळते ती नव्हे, माती चाळते ती. एका सुतारानं मला बांधकामाची वाळू चाळायला घडवलं आणि दुकानाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे एक प्राध्यापकबाई आल्या. अख्खा समाज ठरवून कसा संपवला जातो आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल, हा त्यांचा अभ्यास. त्यांनी माझी जाळी नखानं दाबून पाहिली.

"याहून बारीक बसवा."

"बाई, मग हिच्यातून वारासुद्धा जायचा नाही," सुतार कुरकुरला. पण बसवली.

बाईंनी मला गावाबाहेरच्या एका खड्ड्यावर नेलं. इथे लढाईत मेलेले बंडखोर पुरले, असं सरकार सांगत होतं. शेजारच्या वस्तीतली मावशी मात्र वर्षानुवर्षं एकच सांगे, "बंडखोर कसले? आमच्या गल्लीतली पोरं होती ती." पण पुरावा नको म्हणून मारणाऱ्यांनी प्रेतं मागाहून यंत्रानं उपसून नेलेली. उरली होती नुसती माती. या हत्यांच्या चौकशी आयोगाची शेवटची सुनावणी तोंडावर आली होती. हात रिकामे राहिले असते, तर मावशी कायमची खोटी ठरली असती.

बाईंनी सोबत आणलेले दातांचे डॉक्टर मला हलवून हलवून थकले. "बाई, माझ्या कमरेचा भुगा झालाय."

"होऊ दे. या जाळीतून तोही गळणार नाही."

"सरका, डॉक्टर," मावशी म्हणाली. "दुसरी बाजू मी धरते."

दुपारी माझ्या जाळीवर शेंगदाण्याएवढं काहीतरी अडकलं. डॉक्टरांनी ते तळहातावर घेऊन ब्रशनं साफ केलं.

"दुधाचा दात. आपोआप पडतो तेव्हा मूळ झिजलेलं असतं. याचं शाबूत आहे, म्हणजे हा मेल्यावर निखळलेला." त्यांनी तो मावशीपुढे धरला. "चार-पाच वर्षांचं मूल होतं."

मावशीनं तो बोटानं शिवून पाहिला. मग म्हणाली, "तसं लिहा."

संध्याकाळपर्यंत तसे आणखी सापडले. एका समाजाची लेकरंसुद्धा सोडली नव्हती, हे पाहून आयोगानं 'बंडखोर' हा शब्द काढला आणि 'वंशसंहार' लिहिलं. ते दात मी गळू दिले नाहीत, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता बाई नव्या पोलीस अधिकाऱ्यांना शिकवतात, तेव्हा मला टेबलावर ठेवतात. "मारण्याआधी शेजाऱ्याला किडा म्हणतात, मारल्यावर बंडखोर. पहिला शब्द कानावर आला, की तिथेच अडवा."

"आणि नाही जमलं तर?" एकानं विचारलं.

"मग हिला घेऊन जावं लागतं."

माझी चौकट चिरली आहे, पण जाळी घट्ट आहे. बोलावलंत तर मी येईन आणि काम चोख करीन. तेवढं बोलावण्याची वेळ येऊ देऊ नका.