मामांचा डावा हात

मी मामांचा डावा हात बोलतोय. जन्माचा नव्हे, मागाहून आलेला. जन्माचा हात रस्त्यावरच्या अपघातात गेला, कोपराखालचा थोडा भाग तेवढा उरला. मामा शिंपी. उजव्या हाताने कात्री चालते हो, पण कापड कोण धरणार? मामींनी दुकान कसंबसं चालू ठेवलं आणि मामा गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसू लागले. मी त्यांना मामा म्हणतो, कारण मला घडवणारी त्यांची भाची.

भाची मेकॅनिकल इंजिनिअर. घरच्यांना वाटलं, पोरगी आता इंजिनं बनवणार. तिने निवडलं माणसाच्या शरीराचं यंत्रशास्त्र. सांध्यांची नि स्नायूंची गणितं. मला कुणी साच्यात ओतलं नाही की कानशीने घासलं नाही. तिच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने थरावर थर चढवत माझी बोटं चक्क छापली. शेजारच्या खोलीत हवेवर फुगणारे, वाकणारे रबराचे मऊ रोबो होते. पलीकडे कुणी केसाएवढ्या नळ्यांतून रक्ताचा थेंब फिरवून पाहत असे. सगळे एकाच शाखेचे, पण एकमेकांची टर उडवण्यात पटाईत. भाचीला ते रबरवाले ‘हाडवाली’ म्हणत, ती त्यांना ‘फुगेवाले’.

मामांनी कोपराखालचे स्नायू आवळले की त्वचेवरचे सेन्सर ते ओळखत आणि माझी बोटं मिटत. पहिल्याच दिवशी मी भरलेली बादली उचलली, बरणीचं घट्ट झाकण उघडलं.

"आता भाजी आणायला तुम्हीच जा," मामी म्हणाल्या. मामा हसले. मीही फुशारलो.

दुकानात मात्र माझी फजिती झाली. एका गायिकेचा रेशमी झगा शिवायला आला होता. हलकं धरलं तर कापड निसटे. मामांनी स्नायू आवळले, मी पकड घट्ट केली आणि रेशीम टर्रकन फाटलं. गायिका समजूतदार निघाली. फाटकी कड कापून नव्याने बेता म्हणाली. पण मामांनी हाय खाल्ली. मला काढून बटणांच्या खणात टाकलं आणि शिलाई मशीन विकायचं ठरवलं.

मामींचा फोन गेला तशी भाची धावत आली.

"पुरे झाले प्रयोग," मामा म्हणाले. "मी काय तुमच्या प्रयोगशाळेतला उंदीर आहे?"

भाचीने मला खणातून बाहेर काढलं. मग म्हणाली, "मामा, मी ताकदीचा विचार केला, निसटण्याचा केलाच नाही. यात तुझी काही चूक नाही. अजून एकदा बघू दे मला."

"मशीन घ्यायला माणूस रविवारी येतोय."

"मग रविवारच्या आत बघते."

तिने नाक मुठीत धरून फुगेवाल्यांचं दार ठोठावलं. ज्याची ती सगळ्यात जास्त चेष्टा करायची, तोच मित्र बाह्या सरसावून पुढे आला. दोघांनी माझ्या बोटांची कडक टोकं कापली आणि तिथे हवेचे कप्पे असलेलं मऊ रबर बसवलं. कापड सरकू लागलं की रबर आपोआप किंचित फुगे, सरकणं थांबलं की तेही थांबे. किती धरायचं, हे मला आता कुठे कळू लागलं.

रविवारी भाचीने मला पुन्हा मामांच्या हातावर चढवलं आणि मामींनी तोच झगा त्यांच्यापुढे ठेवला.

"पुन्हा फाटलं तर?"

"तर आखूड शिवू. बसा आता."

मामांच्या स्नायूंतली थरथर माझ्यापर्यंत पोहोचत होती. कापड सरकलं, मी सावरलं. पुन्हा सरकलं, पुन्हा सावरलं. हळूहळू थरथर थांबली. तेवढ्यात मशीन घेणारा दारात आला.

"मशीन चालू आहे ना?"

मामांनी मान वर केली नाही. "चालू आहे. म्हणूनच विकायचं नाही."

त्यानंतर माझ्या बोटांखालून पडदे गेले, गणवेश गेले, सदरे तर विचारूच नका. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे टक लावून बघे, मग मुद्दाम बघायचं टाळे. सदरा खांद्यावर नेमका बसला की मात्र मला विसरून आरशात रमे. मला ते फार आवडायचं.

आता माझं रबर पिवळं पडलंय, मोटर कुरकुरते. भाचीने नवा हात आणलाय. त्याला गरम-गारसुद्धा कळतं म्हणे. मी तिच्या विद्यार्थ्यांकडे चाललोय. मला छाती नाही, तरी छातीठोकपणे सांगतो, मी माझं काम चोख केलं. मुलांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. माझे स्क्रू काढा, चुका शोधा, आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवायला लाजू नका.

निघताना मामांनी मला फडक्याने पुसलं. मग आपला उजवा हात माझ्या बोटांत दिला आणि म्हणाले, "जा बाबा. छान साथ दिलीस."

मला त्यांचा हात दाबायचा होता. पण मला हलवणारे स्नायू मामांचेच होते, आणि ते आता नव्या हाताला जोडलेले होते.