टोपलं

मैत्रीण अल्का बाळंतपणात गेली, बाप फिरकला नाही, म्हणून तिची तान्ही लेक आचल सुलोचनाबाईनं पोटाशी धरली. नवेगाव बांधच्या बाजारात डोक्यावर टोपलं नेऊन मासोळ्या विकल्या आणि सात वर्षं पोर वाढवली. पण मेलेल्या मैत्रिणीची जागा बळकावायची नाही, म्हणून रोज अल्काच्या फोटोपुढे पोरीला उभी करून शिकवलं, "हे तुही माय. मी मावशी."

शाळेत 'माझी आई' चित्र काढायला सांगितलं, तर पोरीनं डोक्यावर टोपलं घेतलेली बाई काढली. सुलोचनाबाई चिडली. "माह्यं काऊन काढलं? खोड ते. फोटो पाहून काढ."

आज बाप पोरीचा ताबा मागायला सरकारी मॅडमला घेऊन आला.

"ही तुझी कोण?" मॅडमनं विचारलं.

"मावशी," आचलनं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

मॅडमनं वही उघडली. 'माझी आई'चं चित्र अल्काच्या फोटोशी जुळलं. "लेकरू वडिलांकडेच जाईल," मॅडम म्हणाली.

शिकवणी सुलोचनाबाईचीच होती.

गाडी गेल्यावर मागे राहिलेली वही तिनं दारातल्या उजेडात धरली. चित्रातल्या अल्काच्या डोक्यावर, खोडलेल्या टोपल्याचा गोल अजून उमटलेला होता.