आपलेच दात, आपलेच ओठ

शहराच्या बँडमधला पहिला ट्रम्पेटवाला हसताना तोंडावर हात धरायचा. त्याच्या वरच्या दातांची रांग म्हणजे बस उशिरा आल्यावरची रांग होती. कोण कुणाच्या पुढे घुसलंय ते कळायचं नाही. समोरच्या दोन दातांपैकी एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बसला होता आणि बाजूचा सुळा ओठाशी भांडायला निघाल्यासारखा बाहेर आला होता. शाळेत पोरं त्याला फावड्या म्हणायची. बँडमधले लोक अजूनही तेच म्हणायचे, फक्त त्यात आता माया होती. रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चबुतऱ्यावर बँड बसायचा. शेवटच्या संथ धुनेत त्याचा एकट्याचा तुकडा असे. तो उभा राहून वरचा सूर लावायचा, तेव्हा बाकांवरच्या आयांना पोरांना 'गप्प बस' म्हणावं लागत नसे.

त्याची एकुलती एक लेक दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या आ वासलेल्या तोंडात नळी धरायची, हत्यारं उकळायची, घाबरलेल्यांचे हात धरायची. घरी आली की बापाच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "बाबा, तुमचे दात कॉलेजात ठेवायला हवेत. पोरांना एकाच तोंडात सगळा अभ्यासक्रम मिळेल."

"ठेव की. पण मग जेवायचं कशानं?" तो हातामागून हसायचा.

तिचं लग्न ठरलं. दोन्ही घरची माणसं भेटली, जेवली, भरपूर फोटो काढले. दोन दिवसांनी तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी फोनवर अडखळत विचारलं, "बाळ, तुझ्या बाबांना आमचा मुलगा आवडला नाही का गं? खरं सांग."

लेकीनं फोटो पुन्हा पाहिले. सगळे दात काढून हसत होते आणि तिचा बाप प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटून, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा उभा होता. तिला आधी हसू आलं. मग रडू आलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या डॉक्टरबाईंना विचारलं आणि बापाला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या, नीट समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी त्याच्या दातांचा साचा घेतला, त्यावरून प्लास्टरचा जबडा तयार करून समोर ठेवला. "नुसते पांढरे करायचे तर सोपं आहे, पण वाकडे ते वाकडेच राहतील. पारदर्शक पट्ट्या लावून हळूहळू सरकवता येतील, त्याला दीड-दोन वर्षं लागतात."

"लग्न त्याच्या आधी आहे," लेक म्हणाली.

"मग व्हेनियर्स. म्हणजे दाताचा पुढचा भाग थोडा घासायचा आणि त्यावर चिनी मातीची पातळ पाती चिकटवायची. तुमचे फार वाकडे आहेत, जरा जास्तच घासावे लागतील. आणि एकदा घासलेला दात परत येत नाही, हे आधीच सांगते." मग त्यांनी स्वतःहूनच विचारलं, "तुम्ही ट्रम्पेट वाजवता ना? त्याला काही अडचण?"

"छे हो," तो म्हणाला. "ट्रम्पेट ओठांनी वाजतं. दात आत बसून नुसते ऐकतात."

तिघंही हसले. कुणाच्याच मनात काही आलं नाही.

घासायच्या दिवशी नळी लेकीनंच धरली. यंत्राची बारीक किंकाळी, पाण्याचे तुषार, जळक्या नखासारखा वास. इंजेक्शनमुळे त्याला दुखत नव्हतं, पण ओठ कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. तो वर लेकीच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. ती मधूनमधून त्याच्या खांद्यावर थोपटत होती, लहानपणी तो तिला थोपटायचा तसंच.

पक्की पाती तयार होईपर्यंत तात्पुरती बसवली. त्यांच्यावर दाब नको म्हणून वाजवणं बंद. बँडमास्तरांनी आनंदानं रजा दिली आणि बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला जाड्या त्याच्या जागी वाजवू लागला. मग खरी पाती बसली. आरशात त्याला एक अनोळखी, बरा दिसणारा माणूस दिसला. घरी दार उघडताच बायको म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?" आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून रडली. त्या दिवशी तो कारण नसताना हसत होता. दूधवाल्याला हसला, जिन्यात शेजाऱ्याला हसला.

पुढच्या आठवड्यात त्यानं ट्रम्पेट बाहेर काढलं.

पहिल्या फुंकेला नुसती हवा आली. त्याला वाटलं, सुट्टी झाली, ओठ आळसावलेत. त्यानं ओठांना टेकायचं माउथपीस पुसलं, पुन्हा लावलं. खालचे सूर आले, पण फाटके, फुटक्या नळातून पाणी यावं तसे. वरचा सूर लावायला गेला तर ओठ गुळगुळीत दातांवरून घसरला आणि कोपऱ्यातून फुस्स करून हवा निघून गेली. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकोचा हात थांबला. तिनं इतकी वर्षं त्याचा रियाज भिंतीआडून ऐकला होता. असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

तो रोज बसू लागला. जास्त दाबलं की ओठ आतून कापायचा, कमी दाबलं की सूर यायचा नाही. बायकोनं एकदा रुमालावर रक्त पाहिलं.

"पोरीला सांगू या. तिच्या डॉक्टरबाई काहीतरी करतील."

"खबरदार सांगशील तर," तो म्हणाला. "तिनं हौसेनं केलंय. लग्न तोंडावर आलंय. तिला काय सांगू, तुझ्यामुळे झालं म्हणून?"

"मग कुणामुळे झालं?"

"कुणामुळेच नाही."

बायको खाली बसली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "बोंब मारायची तरी कुणाच्या नावानं?"

मास्तरांना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी कपाटातली सगळी माउथपीस काढली. रुंद, अरुंद, खोल. एकेक करून पाहिली. मग त्याच्या जुन्या माउथपीसची कड बोटानं चाचपत ते म्हणाले, "फावड्या, हे तुझ्या त्या वर चढलेल्या दाताच्या खाचेत टेकायचं. ओठाला तिथं पायरी होती. आता पायरीच नाही, तर पाय ठेवणार कुठे?"

"शिकेन नव्यानं."

"शीक," मास्तर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. बँडला रविवार चुकवता येत नव्हता. त्यांनी त्याला तोवर झांजा दिल्या.

लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका रविवारी ती होणाऱ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन अचानक बागेत आली, बाबांचा तुकडा ऐकवायला. पुढच्या रांगेत बसली. "आता उभे राहतील हं," असं तिनं सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणि जाड्या उभा राहिला. ती मान वळवून बापाला शोधू लागली. तो सगळ्यांत मागे, ढोलाच्या बाजूला होता. दोन्ही हातांत झांजा धरून आपली पाळी येण्याची वाट बघत होता. दोघांची नजर भिडली. तो तिच्याकडे बघून हसला. दात अगदी सुरेख दिसत होते.

घरी येऊन ती ताटावर बसली, भात चिवडत राहिली आणि एकदम म्हणाली, "बाबा, उद्या माझ्याबरोबर चला. ट्रम्पेट घेऊन."

दवाखान्याच्या कपाटात त्याचा प्लास्टरचा जुना जबडा अजून होता. लेकीनं तो डॉक्टरबाईंसमोर ठेवला. "मॅडम, असेच करून द्या. होते तसे. वाकडे."

डॉक्टरबाई बराच वेळ त्याच्या तोंडात बघत राहिल्या. दात सरळ करायला येणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. हे असं मागणं पहिलंच. "प्रयत्न करू," त्या शेवटी म्हणाल्या. "आधी प्लास्टिकचे तात्पुरते वरून बसवून बघते. जमलं तरच पुढचं."

त्यांनी साच्यावरून जुना आकार उतरवला. लेकीनं आरसा धरला. आरशात जुना फावड्या परत आला होता, जरा जाडसर, जरा सुजल्यासारखा. तिनं बापाला ट्रम्पेट दिलं. बाहेर बाकावर बसलेले रोगी दाराकडे बघू लागले. त्यानं माउथपीस खाचेत टेकवलं, डोळे मिटले.

पहिला सूर आला. दुसरा आला. लेकीनं डॉक्टरबाईंचा हात घट्ट धरला. तिसऱ्या सुरावर आवाज थरथरला, कडेनं हवा सुटली आणि कट्कन काहीतरी निसटलं. प्लास्टिकचा तुकडा त्याच्या जिभेवर आला होता.

"अजून घट्ट बसवता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण त्यांचा स्वर पडला होता. "मात्र ही पाती काढावी लागतील, त्याखाली आणखी घासावं लागेल. दात किती तग धरतील ते मी सांगू शकत नाही. आणि एवढं करून सूर येईलच, असंही नाही. खोटं कशाला बोलू?"

"मॅडम, तरी पण—" लेक म्हणाली.

"पुरे आता," बाप म्हणाला. त्यानं ट्रम्पेट पेटीत ठेवलं आणि पेटीच्या कड्या लावल्या. "पुरे गं."

पेटी हातात घेऊन चालता चालता ती रस्त्यात थांबली. "बाबा, मला रागवा ना. काहीतरी बोला."

"काय बोलू?" तो म्हणाला. त्यानं तिच्या हातातली पेटी घेतली, आणि मग वाटलं, आपण ती तिच्यापासून हिसकावून घेतोय असं तिला वाटेल, म्हणून परत तिच्याच हातात दिली.

लग्नात बँडमधले सगळे आले. भेट म्हणून त्यांनी ती संथ धून वाजवली. जाड्यानं मन लावून वाजवलं. आता त्याला ती चांगली बसली होती. लेक बापाच्या शेजारी खुर्चीवर बसली होती. एकट्याचा तुकडा सुरू झाला तसा त्यानं नकळत तिचा हात हातात घेतला आणि त्याची तीन बोटं, ट्रम्पेटच्या तीन कळांवर पडावीत तशी, तिच्या मनगटावर दबू लागली, कधी पहिलं, कधी दुसरं आणि तिसरं एकदम. एकही सूर त्यानं चुकवला नाही. वरच्या सुराला त्याचे ओठ मिटले, ताणले गेले, आणि छाती भरून घेतलेला श्वास नाकावाटे हळूच निघून गेला.

कुणीतरी तिला हाक मारत होतं. धून संपेपर्यंत तिनं हात हलवला नाही.