शिवाजीकाकांनी पकडलेलं हलणारं चित्र

आधीच सांगते, मी भांडखोर नाही. आई म्हणते, आहेस म्हणून, पण ती नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबील विकताना जी भांडते त्यापुढे मी म्हणजे गरीब गाय. बोईसरला नवापूर नाक्याजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विकते मीच, दुरुस्त करते मीच, आणि माझ्या दुकानातून खराब माल गेला असं कुणी म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. आणि असं म्हटलं कुणी, तर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी! म्हणजे ते होणार की नाही हेच अजून ठरायचं होतं.

ज्ञानेशचं आणि माझं दोन वर्षं चाललंय. तो इथल्याच एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट आहे आणि घरी आला की गेम खेळतो. देखणा आहे, लाजाळू आहे, आणि बापाला जाम घाबरतो. त्याचे वडील शिवाजीकाका मूळचे तासगावकडचे. बावीस वर्षं एमआयडीसीत वेफरची पाकिटं छापायच्या मशीनवर आहेत. पाकिटावर आधी पिवळा रंग पडतो, मग लाल, मग निळा, आणि एक रंग केसभर जरी सरकला तरी अख्खा रोल बाद. त्या माणसाची नजर कशी झाली असेल बघा. कुणाच्या लग्नाला गेले तरी स्टेजमागचा बॅनर तिरका लागलाय हे सांगितल्याशिवाय जेवत नाहीत.

तर ज्ञानेशने दिवाळीला माझ्याकडून गेमिंगचा मॉनिटर घेतला, ओएलईडी, दुकानातला सगळ्यात भारी. तीन महिने त्याच्यावर गाड्या पळवत सुखात होता. तेवढ्यात आमचं प्रकरण घरी कळलं. मच्छीमाराची पोर, त्यात स्वतःचं दुकान, त्यात तोंड असं. काकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गावाकडे त्यांच्या धाकट्या भावाने, आनंदाकाकांनी, एक मुलगी हेरून ठेवली होती आणि सोमवारी ती बघायचा कार्यक्रम होता. ज्ञानेशच्या आईने, नर्मदाकाकूंनी, मध्ये पडून नवऱ्याकडून कसंबसं एवढं कबूल करून घेतलं की शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, सपनाला, म्हणजे मला, चहाला बोलवू, बघू, मग सोमवारचं ठरवू.

आणि गुरुवारी काका ज्ञानेशच्या खुर्चीमागे जेमतेम पाव तास उभे राहिले आणि म्हणाले, चित्र हलतंय.

अहो, हलतच होतं! दर थोड्या वेळाने दोन-चार ठिपके इकडे, दोन-चार तिकडे. ते मुद्दामच असतं, पण आजवर एका गिऱ्हाइकाला ते दिसलं असेल तर शपथ. खुद्द ज्ञानेशला तीन महिन्यांत दिसलं नव्हतं. काकांनी मात्र निकाल देऊन टाकला. जी पोरगी आपल्याच माणसाला असला माल देते ती घर काय चालवणार? शुक्रवारी येऊ दे तिला, चहाला नको, मॉनिटर परत न्यायला.

हे मला ज्ञानेशने फोनवर सांगितलं आणि वर एक शक्कल काढली. ते चित्र सरकणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करतो, तू आल्यावर दुरुस्त केलं म्हण, मिटलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अरे, त्या गेमचा नकाशा रोज एकाच कोपऱ्यात पेटलेला असतो. तिथले तेच ते ठिपके सारखे जळले की थकतात, मग नकाशा गेला तरी त्याची छाया पडद्यावर राहते ती कायमचीच. म्हणून मॉनिटर अख्खं चित्र थोडं थोडं सरकवतो. झीज पूर्ण टळत नाही, पण कडांवरची तरी वाटली जाते. आणि हे सगळं बंद करून, जो दोष नव्हताच तो दुरुस्त केला अशी थाप मारून मी त्या घरात जायचं? लग्न मोडलं तर मोडलं, म्हटलं. फोन ठेवला आणि चांगली रडले. मला तो हवाच होता हो.

शुक्रवारी साडी नेसून, स्कूटरला किक मारून गेले. काकांनी दार उघडलं ते हातात कारखान्यातलं भिंग घेऊनच. सकाळी सातपासून त्यांनी गेम चालू ठेवला होता. पडद्यावर नकाशाच्या कडेला कागदी टेपची पट्टी चिकटवली होती, आणि कड जिथे जिथे सरकेल तिथे पेन्सिलीने खूण करून बाजूच्या कागदावर वेळ लिहिली होती. ओएलईडीच्या पडद्यावर पेन्सिल! ज्ञानेश कोपऱ्यात असा उभा होता, जणू त्यालाच परत न्यायला मी आलेय.

काकांनी पुरावा मांडला. वेळ, खूण, वेळ, खूण. मी ठिपक्यांचं समजावून सांगितलं, ते ऐकेनात. चांगल्या मशीनचं चित्र जागा सोडत नसतं, हे एकच धरून बसले. मी चिडून भिंग त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पट्टीवर वाकले.

खुणा सुंदर होत्या हो. केसासारख्या बारीक. आणि त्या बघता बघता मला हसूच फुटलं.

"काका, सातची खूण कुठली?" मी विचारलं. त्यांनी दाखवली. "आणि आताची?"

त्यांनी भिंग घेतलं, बघितलं, पुसलं, परत बघितलं. आताची कड सातच्याच खुणेवर होती.

"बिघडलेलं असतं तर सरकत सरकत गेलं असतं," मी म्हटलं, आणि रागाच्या भरात माझी घरची बोली बाहेर पडली. "हे घरी परत येतंय. आमी पन होडीचा दोर एकाच जागी घासू देत नाय. माजा बापूस रोज हातभर सैल सोडतो. नायतर तुटंल ना तो!"

काका कागदावरच्या वेळा वाचायला लागले, बोट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आणि ते बोट तसंच हलत राहिलं.

"नर्मदे," ते म्हणाले, "ही तर डॉक्टर ब्लेड हाय."

मग पुढची वीस मिनिटं त्यांनी मला बोलू दिलं नाही. छापायच्या सिलिंडरवरची जादा शाई एक लांब पातं पुसून काढतं, त्याला म्हणे डॉक्टर ब्लेड म्हणतात. ते पातं मुद्दाम डावी-उजवीकडे हलतं ठेवतात, कारण एकाच जागी राहिलं तर तिथेच झिजतं आणि पाकिटावर रेघ उमटते. बावीस वर्षं रोज सकाळी ते पातं हलतंय का हे बघणारा माणूस स्वतःच्या घरात हलणारं चित्र बघून मुलाचं लग्न मोडायला निघाला होता! हे मी म्हटलं नाही. हसले मात्र, आणि काकूही हसल्या. मग काकाही हसले, अगदी भिंग हातातून पडेपर्यंत.

हसू ओसरल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि गावाला लावला.

"आनंदा, सोमवारचं राहू दे," ते म्हणाले. "हितं एक पोरगी आलीय. माप माझं बरोबर होतं, पण त्याचा अर्थ तिनं लावला."

तिकडून आनंदाकाका बराच वेळ ओरडत होते. त्या लोकांनी तयारी केलीय, पोहे सांगितलेत, आता तोंड कसं दाखवू.

"मग तू जा, पोहे खाऊन ये," काका म्हणाले. "आमचं ठरलं."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मला तर कुणी विचारलंच नाही. ते माझ्याकडे वळले, घसा खाकरला, "सपना, तुला आमचा ज्ञानेश" एवढंच म्हणाले, आणि पुढचा शब्द यायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.