उंच घसरगुंडीची पाळी

हेनोवेवाने स्कर्टचा घोळ आवळून गाठ मारली आणि ती सर्वांत उंच घसरगुंडीच्या तोंडाशी बसली. खाली गावकरी माना वर करून बघत होते. ही आता रडत जिन्याने उतरणार, अशी त्यांची खात्री होती.

वॉटर पार्क गावाच्या मालकीचा. डोंगरातून येणारं गरम पाणी सगळ्यांचं, म्हणून दर घराने पाळीच्या वर्षी एक माणूस बिनपगारी कामाला द्यायचा. न दिल्यास पाण्यातला हिस्सा आणि सभेतलं मत, दोन्ही जातं. यंदा पाळी मेलितोनची होती आणि तो जानेवारीत वारला. सभेचे प्रमुख कांदेलारियो यांनी त्याच्या बायकोला, हेनोवेवाला, जावई पाठवायला सांगितलं. म्हणजे मतही जावयाचं. ती म्हणाली, मीच येते. तेव्हा त्यांनी मुद्दाम तिला उंच घसरगुंडी दिली. तिथल्या राखणदाराने रोज सकाळी आधी स्वतः घसरून दाखवायचं, मगच साखळी काढून लोकांना सोडायचं, असा नियम. बासष्ट वर्षांची बाई घाबरून घरी जाईल, असं त्या शहाण्यांना वाटलं.

तिने हात छातीशी धरले आणि अंग सोडून दिलं. नाकातोंडात पाणी गेलं. खाली ती आपटली, उठली, खोकली आणि तशीच निथळत टेबलाशी गेली.

कांदेलारियोंनी पाळीच्या वहीत नोंद केली. तिने वाकून वाचलं. ‘मेलितोनची बायको.’

“हे खोडा, भाऊजी. माझं नाव लिहा.”

“वहिनी, सगळं गाव ओळखतं तुम्हाला. कशाला उगाच फाटे फोडता?”

“घसरले मी. मेलितोनला तर माडीवरसुद्धा चक्कर यायची.”

दोघेतिघे हसले. संध्याकाळी बघू, आता फाटक उघडायचंय, असं म्हणत कांदेलारियोंनी वही मिटली.

ती पुन्हा जिना चढली आणि साखळी तशीच ठेवून बसली. ईस्टरच्या आधीचा शनिवार. राजधानीहून आलेल्या बसगाड्या रिकाम्या झाल्या, रांग जिना भरून खाली वळली. काय झालं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने नम्रपणे सांगितलं, वहीचं काम बाकी आहे. कांदेलारियोंनी माणूस पाठवला, त्यालाही तिने तेच सांगितलं. पोरं भोकाड पसरू लागली, बाप पैसे परत मागू लागले. तिला त्यांची दया आली, पण ती हलली नाही.

शेवटी कांदेलारियो स्वतः आले. बगलेत वही, एक हात कठड्यावर, ओल्या माणसांतून अंग चोरत. वरच्या पायरीवर टेकून त्यांनी पान उघडलं, जुनी ओळ खोडली. मग पेन थांबलं. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या हातची कॉफी पीत आला होता.

“वहिनी,” रांगेला ऐकू जाऊ नये अशा बेताने ते म्हणाले, “तुमचं नाव काय?”

“हेनोवेवा त्रेहो मार्तिन,” ती म्हणाली. रांगेला ऐकू जाईल अशा बेताने.