परातीतलं पथ्य

डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं, तेव्हा आमच्या ह्यांना मी चोरच ठरवलं. साखर दोनशेच्या खाली आल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्यांदा दोनशे चाळीस निघाली, दुसऱ्यांदा दोनशे सत्तर. एवढं पथ्य करून चढते कशी?

"खरं सांगा, फिरायला जाता तेव्हा कोपऱ्यावर जिलेबी खाता ना?"

"आशा, मला जिन्याची पायरी दिसत नाही, जिलेबी कुठून दिसणार?"

हसले, पण ते हसू खरं नव्हतं. चाळीस वर्षं पेपर शब्द न् शब्द वाचणारा माणूस आता मथळेसुद्धा मला विचारायचा. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

पथ्यावरून आमच्या बोळिंजच्या घरात रोज भांडण. संकेत, आमचा मुलगा, म्हणे चियाचं बी म्हणजे अमृत. शेजारचे इग्नेशियस बीट-गाजराचा रस घेऊन दारात हजर. सुनेचे वडील जयराम निर्मळ गावच्या वाडीतून केळ्यांचे फणे पाठवत आणि वर फोन करत, "औषध मारलेली न्हाय, साखरबिखर काय वाढत न्हाय." मी खजूर-अंजिराचे लाडू करत होते, साखरेचा कणही नसलेले. माझाच डबा सगळ्यात आधी रिकामा व्हायचा, म्हणून जिंकले असं मी धरून चालले होते.

सून उन्नती शाळेत विज्ञान शिकवते. एका रविवारी तिने ओट्यावर मोठी परात ठेवली. "आई, आज बाबांना कोणीही काहीही दिलं, की तेवढंच आणखी काढून ह्यात ठेवायचं."

"आणि नासाडी?"

"संध्याकाळी आपण खाऊ."

संध्याकाळी परातीत चार लाडू, तीन केळी, रसाचे दोन पेले, मध घातलेली चियाची खीर, गुळाचा नाचणीचा शिरा. शिवाय रोजच्या पोळ्या आणि भात होताच. सगळं पौष्टिक, आणि चौघांना पुरून उरेल एवढं.

"अहो, एवढं खाता? तोंडाने नको म्हणता येत नाही?"

हे म्हणाले, "तू एकेका खजुराची बी काढत बसतेस. तुला नको कसं म्हणू?"

मला रडूच फुटलं. महिनोन् महिने मीच भरवत होते आणि मीच ओरडत होते. चोर मी होते.

"प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे, आई," उन्नती म्हणाली, "पण सगळी एकाच पोटात नको."

दुसऱ्या दिवशी ती आम्हा दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गोळ्या बदलल्या, जेवण मोजून दिलं, जेवल्यावर चालायला सांगितलं. लाडू बंद. जयरामभाऊ आठ दिवस रुसले, मग केळ्यांऐवजी दुधी आणि पालेभाज्या पाठवू लागले. दोन महिन्यांनी साखर एकशे साठ. ऑपरेशन झालं, आणि छान झालं.

पंधरा दिवसांनी दुपारी आम्ही दोघंच जेवत होतो. ह्यांनी मला आधी पेपरातली बातमी वाचून दाखवली, अगदी बारीक टायपातली. मग पेपर बाजूला ठेवून माझ्या ताटाकडे बघत राहिले.

"आशा, हे काय खातेस?"

"रोजचंच."

परवाची पोळी होती आणि कढईला लागलेली भाजी. चांगलं ते आधी सगळ्यांना वाढायचं, उरेल ते आपण घ्यायचं, याचा मी कधी विचारसुद्धा केला नव्हता. वर्षभर आमच्या घरात खाण्यावर एवढे वाद झाले, पण मी काय खाते हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

हे उठले. भिंत न चाचपता ओट्यापाशी गेले, ताजी पोळी आणि वाटीभर पालेभाजी घेऊन आले आणि माझं ताट बदललं. मग माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिले.