बाभळीखालची मरळ

बाभूळदऱ्याच्या तलावावर कसलीही पाटी नव्हती. तलाव सरकारी, पाणी साऱ्यांचं. मासेमारीचा ठेका कुणी घेतलेला नव्हता, त्यामुळं रविवारी गळ टाकायला कुणीही यावं अन् कुठंही बसावं. तरी तिथं भांडणं फारशी व्हायची नाहीत. येणाऱ्यांनी आपसातच काही गोष्टी धरून ठेवल्या होत्या. आधी आला त्यानं जागा निवडायची. दुसऱ्याच्या तंगुसावरून, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीवरून, आपला तंगूस फेकायचा नाही. अख्खा श्रावण पाण्यात गळ नाही, पोळा झाला की मगच. आणि मरळ पिल्लं घेऊन फिरत असेल तर तिच्या वाटेला कुणी जायचं नाही.

मरळ हा आडदांड मासा, पण पिल्लं झाली की नर-मादी दोघंही त्यांच्याखाली पहारा करत फिरतात. लालसर पिल्लांचा घोळका श्वास घ्यायला वर येतो, तेव्हा तेवढंच पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं. तिथं काहीही पडलं, की मरळ त्याच्यावर तुटून पडते. भूक लागली म्हणून नव्हे, लेकरं राखायला. अशा वेळी तिला धरणं एकदम सोपं असतं, आणि ती गेली की पिल्लांना बाकीचे मासे दुपारपर्यंत संपवून टाकतात.

हे सगळं सुलेखाला लहानपणापासून ठाऊक होतं. तलावाच्या शेजारचंच गाव तिचं माहेर. तिचा बाप सांडू शेती करायचा आणि सवड मिळाली की गळ घेऊन बसायचा. मुलगा नव्हता म्हणून की काय, पण गळाची काठी त्यानं हिच्याच हातात दिली. लग्न होऊन ती शहरात गेली, शहागंजात ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, लेक कॉलेजात गेली, बाप वारला. आणि मग एका रविवारी तिनं स्कूटर काढली आणि फुलंब्रीच्या पुढं तलावावर येऊन बसली. तेव्हापासून श्रावण सोडला तर रविवार चुकला नाही.

सुरुवातीला तिला तिथं कुणी बसू देत नव्हतं. बाईनं गळ टाकला की मासा पळतो, असं म्हणायचे. त्यात सगळ्यात पुढं कडुबा. पलीकडच्या गावातला म्हातारा, जिभेनं तिखट. एकदा तर त्यानं तिचा गांडुळांचा डबा पाण्यात भिरकावला. सुलेखा जागेवरच बसली. पायाखालची माती उकरून नवी गांडुळं काढली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. पुढच्या रविवारीही तिथंच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कडुबानं तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "घे. थंड व्हईल." तेवढ्यावर ते मिटलं. आता तो तिला लेकी म्हणायचा आणि ती त्याला मामा.

यंदा पोळ्यानंतरच्या रविवारी ती पोचली, तेव्हा कडुबा काठावर उभा राहून हातानं तिला थांब-थांब करत होता.

"तिकडं नको बसू लेकी. बाभळीखाली मरळ हाय. पिल्लं लई बारकी हायेत अजून."

पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांपाशी तिनं बघितलं. ताटाएवढं पाणी थरथरत होतं, आणि त्याखालून एक काळी पाठ सावकाश वळून गेली. तिनं आपली पिशवी उचलली आणि चांगली लांब जाऊन बसली. पलीकडं लक्ष्मणराव होते. बँकेतून निवृत्त झालेले, घरात मासा चालत नाही म्हणून धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडणारे गृहस्थ. त्यांनी मान हलवून नमस्कार केला. नेहमीसारखा दिवस सुरू झाला.

ऊन चढलं तशी एक मोठी पांढरी गाडी थेट काठापर्यंत आली. तिघं उतरले. पुढं होता तो इंद्रजीत. तिशीचा, शहरात प्लॉटिंगचा धंदा, गॉगल, हातात महागडी काठी. माणूस उद्धट वाटत नव्हता. हसून त्यानं सगळ्यांना रामराम घातला. मग त्याची नजर बाभळीकडं गेली.

"अरे देखो, देखो! पिल्लं! खाली जोडी असणार, पक्की." त्यानं डबीतून पोटात गळ दडवलेला रबरी बेडूक काढला आणि तंगुसाला अडकवला.

सुलेखा उठून त्याच्याकडं गेली. "दादा, तिथं नका टाकू. पिल्लांवर हाय ती. बाकी सगळा तलाव मोकळा पडलाय, कुठंबी टाका."

"मॅडम, मोठा मासा तर इथंच आहे ना."

"म्हणूनच म्हणते."

"असा काही कायदा आहे का?"

"कायदा नाय. आम्ही टाकत नाय, एवढंच."

"मग तुम्ही नका टाकू." तो पुन्हा हसला. "पब्लिक जागा आहे मॅडम. टेन्शन नका घेऊ."

कडुबा काठी टेकत आला. त्यानं आयुष्यात कुणापुढं हात जोडले नसतील, पण तिथं जोडले. "लेकरावाली हाय बाबा ती. चार आठवडे जाऊ दे, मग धर."

"काका, संध्याकाळी तुमच्या घरी पण तुकडा पाठवतो," इंद्रजीत म्हणाला, आणि त्याच्या दोस्तांना हसू आवरेना. लक्ष्मणराव काहीतरी समजावायला लागले, तर एकानं मोबाइल वर धरून त्यांचंच शूटिंग सुरू केलं. लक्ष्मणराव मागं सरले.

बेडूक सपकन पिल्लांच्या पलीकडं पडला आणि घोळक्यातून ओढत आला. पाणी फुटलं. मरळीचं तोंड दिसलं, तपकिरी, भलंमोठं. तिची झडप थोडक्यात हुकली.

"अरे यार!" इंद्रजीत ओरडला. "परत येणार ती. येणारच."

सुलेखाला ठाऊक होतं की ती येणार. पुन्हा येणार, आणि तिसऱ्यांदाही येणार, आणि कधीतरी नेम लागणार. मासा कितीही शहाणा झाला तरी पिल्लं टाकून जाणार नव्हता.  ती आपल्या जागेवर आली, तंगुसाचा गळ कातरीनं कापून टाकला आणि त्याच्या जागी शिशाचा मोठा गोळा बांधला. मग बाभळीच्या जवळ जाऊन उभी राहिली.

इंद्रजीतचा बेडूक दुसऱ्यांदा हवेतून गेला. तो पाण्याला टेकतो न टेकतो तोच सुलेखानं काठी फिरवली. तिचं शिसं त्याच्या तंगुसावरून पलीकडं जाऊन बुडालं. तिनं ओढलं. दोन्ही तंगूस एकमेकांत गुरफटले आणि बेडूक पिल्लांपासून लांब, कडेच्या गाळात येऊन पडला.

काठावरचे सगळे बघत राहिले. या तलावावर दुसऱ्याचा तंगूस अडवणं म्हणजे कुणाच्या ताटात हात घालण्यासारखं होतं. आणि ते करणारी सुलेखा होती, जी नव्या माणसांना हेच पहिलं शिकवायची.

इंद्रजीतनं गुंता सोडवला. "होतं कधीकधी," तो म्हणाला. पुन्हा फेकला. सुलेखानं पुन्हा अडवला.

"मॅडम, तुम्ही मुद्दाम करताय."

"व्हय. मुद्दाम करतेय."

"दुसऱ्याच्या लाइनवर लाइन टाकत नाहीत, एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

"कळतं. मग तू हे मानतोस, अन् पिल्लांचं काहून नाय?" तुम्हीवरून ती तूवर कधी आली, तिचं तिलाही समजलं नाही.

मोबाइल आता तिच्याकडं वळला होता. "देखो भाई लोग," दोस्त म्हणत होता, "ही येडी बाई बघा. आमची फिशिंग बंद पाडतेय."

तिसऱ्यांदा गुंता झाला तेव्हा इंद्रजीतनं आपली काठी खाली टाकली, तरातरा आला आणि सुलेखाच्या हातातून तिची काठी हिसकावली. गुडघ्यावर दाबून त्यानं ती मोडली. कडकन आवाज झाला. दोन्ही तुकडे तिच्या पायाशी फेकले.

 इंद्रजीत स्वतःच क्षणभर गडबडला. इतकं करायचं त्याच्या मनात नसावं.  सुलेखाला भीती होतीच, नाही असं नाही. ती एकटी बाई, ते तीन गडी. पण ती खाली वाकली ती काठीसाठी नव्हे. मोडक्या काठीच्या रिळावरचा तंगूस तिनं हातभर हातभर करत ओढून काढला, कातरीनं तोडला, टोकाचं शिसं उजव्या हातात घेतलं आणि डोक्यावर गरगर फिरवलं.

"टाक आता," ती म्हणाली. "टाक. मी हातानं अडवते."

तेवढ्यात तिच्या डाव्या अंगाला काहीतरी पाण्यात धपकन पडलं. कडुबाचा गळ होता. आमिष नाही, काही नाही, नुसताच. त्यानं तो बरोबर बाभळीसमोर आडवा टाकला होता. "माझाबी हाय हितं," तो म्हणाला. मग लक्ष्मणराव आले. त्यांना नेम कधीच जमला नव्हता. त्यांचा गळ बाभळीच्या फांदीतच अडकला आणि तिथंच लोंबकळत राहिला. पलीकडच्या काठावरचे चौघं-पाचजण आपापल्या काठ्या घेऊन चालत निघाले होते. पाण्यावर तंगुसांचं असं जाळं झालं, की चिमणीलाही उतरता आलं नसतं.

"हे व्हायरल करतो मी," मोबाइलवाला म्हणाला. "सगळ्यांना दाखवतो."

"कर," सुलेखा थेट मोबाइलकडं बघून म्हणाली. "नावबी लिही. सुलेखा, लेडीज टेलर, शहागंज. दुकान सोमवारी उघडं असतंय."

गाडी गेली. मागं धूळ राहिली. सुलेखा मटकन खाली बसली आणि मग तिला रडू आलं. कडुबा शेजारी बसून विडी ओढत राहिला.

व्हिडिओ खरंच आला. त्यात सुलेखा दुसऱ्याचा तंगूस अडवताना होती, 'मुद्दाम करतेय' म्हणताना होती. काठी मोडल्याचं त्यात नव्हतं. तेवढा भाग कापला होता. क्रांती चौकात चहाच्या टपरीवर कुणीतरी तो तिच्या नवऱ्याला, राजकुमारला दाखवला. तो घरी आला तो जेवलाच नाही.

"लोक येडी म्हणतेत तुला," तो म्हणाला. "आता तिकडं जायचं नाय."

"तुम्ही सगळं इचारलं का मला, काय झालं ते?"

राजकुमारनं मान फिरवली.

"मग इचारा आधी. अन् मग सांगा जायचं का नाय. तरी मी जाणारच."

त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. मोडलेल्या काठीचे तुकडे तिनं माळ्यावर ठेवले होते, ते त्यानं स्वतः काढून बघितले. बराच वेळ हातात धरून बसला. नंतर तो 'जाऊ नको' म्हणाला नाही, आणि 'जा'ही म्हणाला नाही.

दुकानात त्या आठवड्यात दोन बायका फक्त तिला बघायला आल्या. एकीनं खोचकपणे विचारलं, "तुम्हीच का त्या मासेवाल्या?" सुलेखा मशीन न थांबवता म्हणाली, "मीच. माप द्यायचंय का?" बाईला ब्लाउज शिवायला टाकावाच लागला.

रविवारी ती गेली तेव्हा बाभळीखाली एकच मरळ उरली होती. मधल्या दिवसांत, कुणी नसताना, कुणीतरी येऊन गेलं होतं. काठावर खवले पडलेले कडुबानं दाखवले. "रोज बसलो म्या," तो म्हणाला, "पर बाजारच्या दिवशी सिल्लोडला गेल्तो."  सुलेखानं पाण्याकडं बघितलं. घोळका निम्मा झाला होता, पण होता. खालची पाठ पूर्वीपेक्षा जवळून, भराभर फिरत होती. तिच्या एकटीवर सगळं येऊन पडलं होतं.

सुलेखा हातानंच तंगूस पाण्यात सोडून बसली. नवी काठी तिनं अजून घेतली नव्हती.

दुपारी पांढरी गाडी आली. या खेपेला इंद्रजीत एकटाच होता. काठावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या, दोघं-तिघं उठूनही उभे राहिले. त्याच्या हातात लांबट पिशवी होती. तो सुलेखासमोर येऊन थांबला. पिशवीतून नवी कोरी काठी निघाली, चांगल्या कंपनीची.

"मॅडम, ही तुमच्यासाठी. त्या दिवशी माझं जरा जास्तच झालं." मग घाईनं म्हणाला, "आणि ती दुसरी मरळ मी नाही नेली. शपथ."

"असंल," सुलेखा म्हणाली. खोटं बोलत असावा असं तिला वाटलं नाही. पण तिनं हात पुढं केला नाही.

"घ्या ना."

"काठी नको. व्हिडिओत माझं तोंड दिसतंय, तुझा गुडघा दिसत नाय. जो तुकडा कापला तो जोड अन् परत टाक. 'काठी मी मोडली' म्हण, तुझ्या तोंडानं. मग बघू."

"ते... जमणार नाही मॅडम. धंद्याचे लोक बघतात."

"माझेबी बघतेत."

 कडुबा खाकरून थुंकला. इंद्रजीतनं काठी पिशवीत परत घातली, आणि जाता जाता अर्धवट वळून विचारलं, "मी इथं बसलो तर चालेल का? त्या बांधाच्या भिंतीकडं?"

"तलाव काय माझ्या बापाचा हाय का?" सुलेखा म्हणाली. "बस. फक्त बाभळीकडं गळ आला तर मी परत अडवीन. हज्जार वेळा अडवीन."

तो बसला की गेला, हे बघायला तिनं मान वळवली नाही. बाभळीखाली पाणी पुन्हा बुडबुडलं होतं.